नक्षी सोळाव्या शतकाची, टाका कोणत्या शतकाचा?

व्हेनिसची जुनी लेस म्हणून एखादा तुकडा समोर आला की जाणकार संग्राहक आधी नमुन्यांची पुस्तकं काढतो. चेझारे वेचेल्लिओचं ‘कोरोना’ १५९१ साली व्हेनिसमध्येच छापलं गेलं. त्यातली नक्षी तुकड्यावर तंतोतंत जुळली की लेस चारशे वर्षांची, असा सरळ हिशेब मांडला जातो. पण पुस्तकावरून एवढंच ठरतं, की ही नक्षी तेव्हा माहीत होती. तुकडा कधी विणला, याबद्दल पुस्तक गप्प आहे.

व्हेनिसजवळच्या बुरानो बेटाच्या नोंदी इथे कामी येतात. १८७२च्या कडाक्याच्या थंडीत या बेटाभोवतीची खाडी गोठली, मासेमारी बंद पडली. गोळा झालेल्या मदतीतून आधी जाळी विणण्याचा उद्योग काढला; तो चालला नाही, कारण जाळी घ्यायला कोळ्यांकडे पैसेच नव्हते. मग पाउलो फाम्ब्री आणि काउंटेस अँड्रियाना मार्चेल्लो यांनी लेसचा विचार केला. जुना टाका येणारी सत्तरी ओलांडलेली चेंचा स्कार्पारिओला तेवढी उरली होती, पण तिला शिकवता येईना. तेव्हा मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका आन्ना बेल्लोरिओ तिच्याजवळ बसून टाका शिकल्या आणि त्यांनी तो पुढे आठ मुलींना दिला. यातून उभ्या राहिलेल्या लेस-शाळेतल्या कामकरणींची संख्या १८८२पर्यंत ३२० झाली.

अख्ख्या बेटावर टाका एकाच म्हातारीला येत होता, हे जरा जपूनच घ्यावं. ही हकिगत आपल्यापर्यंत आली ती शाळेच्या हितचिंतकांकडून, आणि अशी गोष्ट मदत मिळवायला सोयीची असते. शाळेने जुन्या लेसच्या नकला केल्या याबद्दल मात्र शंकेला जागा नाही, कारण तिने त्या कधी लपवल्या नाहीत. पोप तेराव्या क्लेमेंटची लेस तेव्हा इटलीच्या राणीकडे होती. तिचीही नक्कल बुरानोत झाली. त्याच सुमारास व्हेनिसचा प्रकाशक ओंगानिया जुनी नमुनापुस्तकं पुन्हा छापत होता. पुढे १८९८मध्ये बोलोन्यात सुरू झालेल्या ‘एमिलिया आर्स’नेही अशाच पुस्तकांवरून कामं करून घेतली. फसवणूक शिरते ती नंतर, तुकडा दोन-तीन हातांतून फिरला आणि शाळेचं नाव गळून पडलं की.

यंत्राचा माल ओळखणं त्यामानाने सोपं. जॉन हीथकोटने जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट १८०९मध्ये घेतलं. या यंत्राच्या जाळीवर चढवलेला तुकडा त्या रूपात त्याआधीचा असूच शकत नाही. १८८०च्या दशकात रासायनिक लेस आली: कापडावर यंत्राने भरतकाम करायचं आणि मग रसायनाने कापड विरघळवून टाकायचं. लांबून ती सुईच्या लेससारखीच दिसते. भिंगाखाली धरा. सुईच्या लेसमध्ये काजाच्या टाक्यांच्या ओळी एकेक करून मोजता येतात. रासायनिक लेसमध्ये दोरे एकमेकांत गुंतलेले, कडा केसाळ.

बुरानोची नक्कल भिंगालाही दाद देत नाही, कारण टाका खराच आहे. तिथे तुकड्याचा मागचा प्रवास विचारावा: कुठल्या विक्रीतून आला, जुनी पावती आहे का, एखाद्या यादीत वर्णन आहे का. ‘आजीच्या पेटीतली’ हा पुरावा नव्हे. विक्रेत्याला काळ आणि जागा पावतीवर लिहून द्यायला सांगावं. तोंडाने ‘सोळावं शतक’ म्हणणारा लिहिताना ‘व्हेनिस शैली’वर आला, तर किंमत १८७२नंतरच्या बुरानोची धरावी. तीही काही कमी नसते.