"आधी लोन फिटू द्या"

आमच्या बोदलकसा-तिरोडा भागात इंजिनीअर झालेल्या पोराला लग्नाचं विचारलं, की बऱ्याचदा हेच ऐकायला मिळते. घर बांधणंही त्यापायी मागे पडते. हे लोन आलं कुठून?

१९५८ मध्ये मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था उभी केली. पुढच्याच वर्षी राज्यात गरीब घरच्या मुलांसाठी फी-माफी, म्हणजे ईबीसी सवलत आली. धानकऱ्याचं पोरगं सात-बाऱ्यावर बोजा न चढवता शिकू शकत होतं.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, हे मान्यच. पण विनाअनुदानित म्हणजे सरकारचा वाटा घरच्यांनी भरायचा! मग २००१ मध्ये बँकांची शैक्षणिक कर्ज योजना आली. ४ लाखांपर्यंत तारण नाही, हप्ता शिक्षण झाल्यावर. व्याज मात्र, सवलतीत बसत नसाल तर, पैसे उचलल्या दिवसापासून.

२०२४ मध्ये सरकारने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. चांगलंच केलं. पण नागपूरच्या खोलीचं भाडं अन् मेसचा खर्च त्या माफीत येत नाही.

माझं म्हणणं एवढंच. १९५९ मध्ये पोरांचं शिक्षण ही राज्याची जबाबदारी होती, आज ती घरची उधारी झाली. मतं मागायला येतील त्यांना रस्ता-नालीसोबत हेही विचारा. तुमच्या घरचा अनुभव काय?