स्क्रीनवरचे ठिपके काय सांगायचे?

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताना हात जरा जास्तच सैल सुटला तर काय होतं? मशीन हँग होतं, निळी स्क्रीन येते, नाहीतर पीसी बूटच होत नाही. विषय संपला. ग्राफिक्स कार्डाचं बहुतेक वेळा तसं नसतं. ते आधी बोलून दाखवतं. भिंतीवर पांढरे ठिपके चमकायला लागतात, शत्रूच्या खांद्यातून एक लांबलचक त्रिकोण थेट आकाशात जातो, पाणी अचानक गुलाबी दिसतं... आणि गेम मात्र चालूच! या प्रकाराला आर्टिफॅक्ट्स म्हणतात. ते बघून दुखणं ओळखायची एक विद्याच हौशी लोकांनी तयार केली. आजचा लेख त्या विद्येचा इतिहास आहे. ती विद्या आता निम्मी निकामी कशी झाली, तेही शेवटी येईलच.

आधी हे असं का होतं ते बघू. चिपमध्ये घड्याळाचा एक ठोका पडला की सिग्नल निघतो आणि पुढचा ठोका पडायच्या आत त्याला मुक्कामी पोचायचं असतं. आपण मेगाहर्ट्झ वाढवले म्हणजे दोन ठोक्यांमधला वेळ कमी केला. सिग्नल उशिरा पोचला तर पुढच्या सर्किटला जुनीच किंवा भलतीच किंमत मिळते. प्रोसेसरमध्ये अशी एक चुकीची बिट प्रोग्रामचा पत्ताच चुकवू शकते. ग्राफिक्स कार्डात मात्र ती बिट बऱ्याचदा एखाद्या पिक्सेलचा रंग असते. सेकंदाला ६० फ्रेम्स धरल्या तर ती चूक जगते एक साठांश सेकंद. पुढच्या फ्रेमला चित्र नव्याने काढलं जातं आणि झालं गेलं गंगेला मिळतं. चूक झाली की नाही हे मधे कोणी तपासत नाही. तपासणारा एकच, स्क्रीनसमोर बसलेला माणूस.

आता इतिहास. आंब्याच्या पेट्या भरताना प्रतवारी करतात ना, तशीच चिप्सची होते. एकाच कारखान्यातून, एकाच डिझाइनच्या निघालेल्या चिप्स तपासून वेगवेगळ्या वेगाच्या म्हणून विकल्या जातात. १९९९ मध्ये थ्रीडीएफएक्सचं व्हूडू३ २००० हे कार्ड १४३ मेगाहर्ट्झवर चालायचं आणि महागडं व्हूडू३ ३००० चालायचं १६६ वर. एनव्हिडियाच्या टीएनटी२ चा कोअर १२५ चा, तर टीएनटी२ अल्ट्राचा १५०. चिप मुळात तीच. शिवाय १९९८ मध्ये इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए लोकांनी बिनदिक्कत ४५० वर पळवला होता, त्यामुळे फुकटच्या वेगाची चटक लागलेलीच होती. पॉवरस्ट्रिपसारखी सॉफ्टवेअर्स आली. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये तर ओव्हरक्लॉकिंगचे स्लायडर्स आधीपासूनच दडवून ठेवलेले होते. विंडोजच्या रजिस्ट्रीत कूलबिट्स नावाची एक नोंद टाकली की ते प्रकट व्हायचे. :)

इथे एक गंमत बघा. व्हूडू३ मध्ये कोअर आणि मेमरी एकाच घड्याळावर चालायचे. वेग वाढवून ठिपके आले तर दोघांपैकी दमलं कोण, हे कळायला मार्गच नाही. टीएनटी२ मध्ये दोन्हीची घड्याळं वेगळी होती. त्यामुळे एक जागेवर ठेवून दुसरं वाढवून बघता यायचं. डीबगिंगचा पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदला, तो इथे आपोआप पाळला जाऊ लागला.

त्यातून हळूहळू लक्षणांची यादी जमली. आकार बिघडले, म्हणजे त्रिकोण ताणले गेले, टोकं बाहेर आली, वस्तू गायब झाल्या, तर पहिला संशय कोअरवर. कारण कोपऱ्यांची गणितं तिथे होतात. ठिपके, रंगीत चौकटी, फाटल्यासारखी टेक्स्चर्स दिसली तर संशय मेमरीवर. गेम बंद करून डेस्कटॉपवर आलं तरी घाण तशीच, तर मेमरीवरचा संशय पक्का होत जातो, कारण डेस्कटॉपचं चित्रही त्याच मेमरीत राहतं. अर्थात हे ठोकताळे. एकाच खुणेमागे दोन कारणं असू शकतात, म्हणून संशयिताला मूळ वेगावर आणून खूण जाते का, हे बघायलाच हवं.

आणखी दोन साध्या चाचण्या. एक, स्क्रीनशॉट घ्या आणि दुसऱ्या मशीनवर उघडा. त्यात ठिपके आहेत तर बिघाड कार्डाच्या आत, चित्र तयार होतानाच. नसतील तर केबल, मॉनिटर किंवा कार्डाच्या आउटपुटकडे बघा. दोन, घड्याळ लावा. ठिपके पहिल्याच मिनिटात आले तर वेगच जास्त झालाय. पंधरा-वीस मिनिटांनी आले तर उष्णता. तापलेल्या चिपमध्ये सिग्नल हळू पळतो, म्हणून सकाळी चाललेला वेग दुपारी चालत नाही. थंड देशातल्या रिव्ह्यूमध्ये वाचलेले आकडे नागपूरच्या मे महिन्यात जसेच्या तसे का लागू पडत नाहीत, याचं उत्तर यात आहे. खोलीच दहा-पंधरा अंशांनी जास्त तापलेली असेल तर कार्डाच्या वाट्याची तेवढी सूट आधीच संपलेली असते.

या विद्येचा सगळ्यात नाट्यमय प्रसंग एटीआयच्या रेडिऑन ९५०० चा. २००२ मध्ये आलेल्या रेडिऑन ९७०० मध्ये आठ पाइपलाइन्स होत्या. स्वस्तातल्या ९५०० मध्ये चिप तीच, पण चार पाइपलाइन्स बंद. लोकांनी रिव्हाट्यूनर वापरून ड्रायव्हरच्या पातळीवर त्या चार परत चालू केल्या, म्हणजे ९५०० च्या पैशात ९७०० च्या जवळपासचं कार्ड. पण मेख अशी की काही चिप्समध्ये त्या पाइपलाइन्स फक्त बाजारासाठी बंद केलेल्या होत्या आणि काहींमध्ये त्या खरोखरच सदोष होत्या. तुमच्या नशिबी काय आलंय ते स्क्रीनच सांगायची. सदोष असतील तर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसायचे, कारण पाइपलाइन्सचे गट स्क्रीनचे चौकोन आळीपाळीने वाटून घ्यायचे. आता मेगाहर्ट्झ कितीही कमी करा, पट हलणार नाही. मूळ वेगावर आणूनही जो आर्टिफॅक्ट जात नाही, तो ओव्हरक्लॉकिंगचा नाहीच, हा धडा अनेकजण त्या पटावर शिकले.

पुढे डोळ्यांचं काम सॉफ्टवेअरने घेतलं. एटीआयटूल नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये एक केसाळ ठोकळा गरगर फिरायचा. प्रोग्राम स्वतःच चित्र तपासायचा आणि चुकलेले पिक्सेल शोधायचा. रात्रभर लावून ठेवा, सकाळी निकाल बघा. २००३ मध्ये एटीआयने रेडिऑन ९८०० एक्सटीसाठी ओव्हरड्राइव्ह आणलं. त्यात चिपचं तापमान बघून ड्रायव्हरच वेग वाढवायचा. म्हणजे हौशी मंडळींचा उद्योग कंपनीने अधिकृत केला.

आणि मग ठिपके कमी व्हायला लागले. कार्डं सुधारली म्हणून? अंशतः. पण मोठं कारण वेगळं आहे. जीडीडीआर५ मेमरी २००८ मध्ये रेडिऑन एचडी ४८७० वर आली. या मेमरीत चिप आणि मेमरीमधल्या वाटेवर डेटा बिघडला का, हे तपासायची सोय होती. २००९ च्या एचडी ५८७० ने ती सोय वापरली. बिघाड सापडला की तोच डेटा परत पाठवायचा. ओव्हरक्लॉकर मेमरी वाढवतोय, वाढवतोय, स्क्रीन एकदम स्वच्छ! पण एका टप्प्यानंतर फ्रेम रेट वाढेनासा होतो, मग चक्क कमी व्हायला लागतो. कार्ड आत मुकाट्याने तेच काम पुन्हा पुन्हा करत असतं. जुन्या पद्धतीने ठिपक्यांची वाट बघणारा माणूस इथे फसतो. म्हणून मेमरीचा वेग दर वेळी थोडाच वाढवायचा आणि प्रत्येक वेळी बेंचमार्कचा आकडा लिहून ठेवायचा, ही नवी शिस्त आली.

२०१२ मध्ये जीटीएक्स ६८० सोबत जीपीयू बूस्ट आलं आणि घड्याळही स्थिर राहिलं नाही. तापमान आणि वीज बघून कार्ड स्वतःच वेग बदलतं. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात आलं, तेव्हा काही कार्डं दोन गिगाहर्ट्झच्या आसपास गेली की गेम सरळ बंद पडून डेस्कटॉपवर यायचा. इशाऱ्याचे ठिपके वगैरे काही नाही. एनव्हिडियाच्या नव्या ड्रायव्हरने पुढे तो त्रास बराच कमी झाला.

आता यात काळजी करण्यासारखं काय आहे, ते सांगतो. २००७ मध्ये कूडा आलं आणि ग्राफिक्स कार्डं चित्रांखेरीज हिशोबही करू लागली. २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या इम्रान हक आणि विजय पांडे यांनी फोल्डिंग@होम प्रकल्पातल्या २० हजारांहून जास्त संगणकांवर कार्डांची मेमरी तपासणारा प्रोग्राम चालवला. दोन तृतीयांश कार्डांमध्ये मेमरीच्या चुका सापडल्या. आणि ओव्हरक्लॉकिंग, तापमान यांचा हिशोब वजा करूनही त्या उरल्याच. गेम खेळताना या चुका कोणाच्या लक्षातही आल्या नसत्या. पण हिशोबात चुकलेला आकडा एक साठांश सेकंदात पुसला जात नाही, त्याच्यावर पुढचा हिशोब रचला जातो. २०१० मध्ये एनव्हिडियाने फर्मी पिढीच्या टेस्ला कार्डांमध्ये ईसीसी, म्हणजे मेमरीतल्या चुका सुधारायची सोय दिली, ती याच गरजेपोटी. गेमिंगच्या कार्डांना मात्र बहुधा ती मिळत नाही. जीडीडीआर५ ची तपासणीही फक्त वाटेवरची आहे. मेमरीच्या आत पडून राहिलेला किंवा कोअरने चुकीचा काढलेला आकडा तिला कळत नाही.

त्यामुळे दिवसा मॉडेल ट्रेन करणारं आणि रात्री गेम खेळणारं एकच कार्ड घरात असेल, तर दोन प्रोफाइल्स ठेवा. खेळायला हवा तेवढा वेग वाढवा, कामाला बसताना मूळ वेगावर आणा. स्क्रीन स्वच्छ आहे हा पुरावा खेळापुरता चालेल, हिशोबाला नाही.

आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तरी दुसरं काय होतं म्हणा. फेल झालेली रिक्वेस्ट लायब्ररी गुपचूप परत पाठवते, युजरला काही कळत नाही, फक्त सिस्टीम ‘आजकाल जरा स्लो’ वाटते. अशा वेळी मी आधी रिट्राय किती होतायत ते मोजतो. ठिपके दिसायचे थांबले असले, तरी ते कुठेतरी मोजता येतातच.