कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो का?

घरातील ब्रॉडबँडचा वेग कमी पडू लागला की कंपनी बदलण्याचा विचार सुरू होतो. मात्र त्याच तारेवर गेली वीस-पंचवीस वर्षे असलेला दूरध्वनी क्रमांक नातेवाईक, बँक, गॅस एजन्सी आणि सोसायटीच्या वहीत नोंदलेला असतो. तो नव्या कंपनीकडे नेता येईल, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. भारतात क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सुविधा केवळ मोबाइलपुरती आहे. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणातून तिची सुरुवात झाली व २० जानेवारी २०११ पासून ती देशभर लागू झाली. लँडलाइन मात्र त्यातून बाहेरच राहिली.

अडचण क्रमांकाच्या रचनेतच आहे. २००३ च्या राष्ट्रीय क्रमांकन आराखड्यानुसार लँडलाइनमध्ये शहराच्या कोडनंतरचा पहिला आकडा कंपनी दाखवतो. मुंबईत ०२२ नंतर २ आला की तो एमटीएनएलचा, पुण्यात ०२० नंतर २ आला की बीएसएनएलचा. ४ एअरटेलचा, ६ टाटाचा. म्हणजे कंपनी क्रमांकातच कोरलेली आहे!

त्यामुळे क्रमांक जपायचा असेल तर मार्ग दोनच उरतात. जुनी कंपनी त्या भागात फायबर देत असेल, तर तांब्याच्या तारेवरून फायबरवर जाताना तोच क्रमांक राहील का, याची आधी चौकशी करावी. दुसरा मार्ग म्हणजे ब्रॉडबँड नव्या कंपनीचे घ्यावे आणि लँडलाइन सर्वांत स्वस्त योजनेत ठेवून तिचे कॉल मोबाइलवर वळवावेत. मात्र वळवलेल्या कॉलचे शुल्क योजनेनुसार लँडलाइनच्या बिलात येऊ शकते. घरी ज्येष्ठ नागरिक असतील, तर हा खर्च बहुधा सोसण्यासारखा असतो.

लँडलाइन बंदच करायची असल्यास घाई करू नये. तिच्यावरच ब्रॉडबँड चालत असेल, तर फोनबरोबर तेही बंद पडते. म्हणून नवी जोडणी काही दिवस नीट चालल्यावरच बंद करण्याचा अर्ज द्यावा. अर्जाची व मोडेम परत केल्याची पोच घ्यावी आणि अनामत रक्कम मागावी. बँकेतील नोंदी त्याआधीच बदलाव्यात. जुन्या कंपनीने दिलेला ई-मेल पत्ता वापरात असेल, तर तोही बंद होऊ शकतो. हे बहुतेकांच्या लक्षात येते ते उशिरा.

मोबाइलची पद्धत त्या मानाने सोपी आहे. इंग्रजीत 'पोर्ट' हा शब्द, एक जागा सोडून दहा आकडी क्रमांक लिहून १९०० वर एसएमएस करायचा. उत्तरादाखल आठ अक्षरांचा संकेतांक येतो. तो साधारण चार दिवस वैध असतो. जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येत तीस दिवस. तो घेऊन ओळखपत्रासह नव्या कंपनीच्या दुकानात जावे. डिसेंबर २०१९ च्या नियमांनुसार एकाच परिमंडळात तीन, तर दुसऱ्या परिमंडळात जाताना पाच कामकाजाचे दिवस लागतात. मुंबई आणि महाराष्ट्र ही दोन वेगळी परिमंडळे आहेत (गोवा महाराष्ट्रात मोडतो). त्यामुळे मुंबईहून पुण्याला येणाऱ्याने पाच दिवस धरावेत.

संकेतांक नाकारला जाण्याची कारणे ठरलेली आहेत. सध्याच्या कंपनीकडे नव्वद दिवस पूर्ण नसणे, पोस्टपेडची थकबाकी असणे किंवा क्रमांक दुसऱ्याच्या नावे करण्याचा अर्ज प्रलंबित असणे, ही त्यांतली नेहमीची. जुलै २०२४ पासून सिम बदलल्यास सात दिवस थांबावे लागते. क्रमांक चोरून बँक खाती रिकामी करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी ही अट आली. विचार बदलल्यास अर्जापासून २४ तासांत तो रद्द करता येतो. प्रीपेडमधील उरलेली शिल्लक मात्र नव्या कंपनीकडे जात नाही. ती आधी वापरून टाकलेली बरी.