काडतूस ज्याचे, बंदूक त्याची

१/ कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागते. विशाळगडाच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे हे ठाणे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि जहागिरीचा कारभार गडावरून खाली मलकापुरात आला. गड नष्ट करायचा नाही, मात्र तो लढण्याच्या कामाचा ठेवायचा नाही, हा त्यामागचा विचार होता. पुढे शंभर वर्षे हाच विचार बंदुकांनाही लावला गेला. त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ प्रथम मूळ प्रश्न. लोखंड आणि लाकडाची बंदूक नीट सांभाळली तर शंभर वर्षे टिकते. काडतूस मात्र एकदाच उडते. सैन्याने नवे काडतूस स्वीकारले की जुन्याचे उत्पादन आटू लागते आणि लाखो धडधाकट बंदुका उपाशी पडतात. मग त्यांची नळी आणि काडतुसाचे घर बदलून त्यांना सहज मिळणारे, स्वस्त काडतूस चालेल असे करतात. जगभर यामागे मुख्यतः काटकसर असते. हिंदुस्थानात त्याला दुसरे एक कारण जोडले गेले : संशय.

३/ ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या मुंबई पलटणीच्या शिपायांनी उठाव केला. डिसेंबरात शहरात पुन्हा उठाव झाला. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना त्यानंतर कराचीला धाडण्यात आले. उत्तरेतील वणव्याला निमित्त ठरले होते एन्फील्ड रायफलीचे चरबी लावलेले काडतूस. पण उठाव शमल्यावर इंग्रजांना चिंता पडली ती काडतुसाच्या चरबीची नव्हे, रायफलीच्या पल्ल्याची.

४/ एन्फील्डच्या .५७७ इंच व्यासाच्या नळीत आतून पिळदार खाचा असत. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि दूर जाई. १८५८ साली हिंदी पलटणींसाठी याच बंदुकीचा नवा नमुना काढला गेला. त्यात खाचा खरवडून नळी .६५६ इंचापर्यंत गुळगुळीत केली होती. बाहेरून बंदूक तीच दिसे. नेम मात्र जवळच्याच अंतरापुरता उरला.

५/ खरवडल्याने नळीची भिंत पातळ झाली आणि ती सहज चेपू लागली. म्हणून १८५९ च्या नमुन्यात जाड भिंतीची नवी नळी द्यावी लागली. चांगली बंदूक मुद्दाम बिघडवायची आणि ते बिघडवणे नीट जमावे म्हणून पुन्हा खर्च करायचा, असा हा व्यवहार होता. केवळ पैशाचा हिशेब असता तर असे कोणी केले नसते.

६/ त्याच सुमारास इंग्लंडमध्ये खऱ्या काटकसरीचे रूपांतर घडत होते. १८६६ साली जेकब स्नायडर यांच्या योजनेनुसार जुन्या एन्फील्डचा मागचा भाग कापून तेथे बिजागरीचे झाकण बसवले गेले. तोंडातून ठासायची बंदूक आता मागून, धातूच्या काडतुसाने भरता येऊ लागली. हीच स्नायडर हिंदी पलटणींच्या हाती आली ती गोऱ्या पलटणी मार्टिनी-हेन्रीकडे वळल्यावर. गोऱ्या शिपायापेक्षा हिंदी शिपाई शस्त्राने एक पिढी मागे असावा, हे १८५७ नंतरचे अलिखित धोरणच होते.

७/ १८८८ मध्ये .३०३ इंचाचे काडतूस आले आणि मार्टिनीही मागे पडली. अनेक मार्टिनींना .३०३ च्या नळ्या बसवून त्यांचे आयुष्य वाढवण्यात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात .३०३ ची ली-एन्फील्ड रायफल बनू लागली. तिचा दारूगोळा महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे : १८६९ साली स्थापन झालेल्या पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची ‘के एफ’ ही अक्षरे असंख्य .३०३ काडतुसांच्या बुडावर आढळतात.

८/ आता नवा पेच उभा राहिला. जुन्या .३०३ रायफली पोलीस आणि तुरुंगाच्या पहाऱ्याला द्यायच्या, तर त्या चोरीला जाण्याची भीती होती. वायव्य सरहद्दीवर चोरीच्या रायफलीला मोठी किंमत येई. शिवाय गर्दीवर झाडलेली .३०३ ची गोळी एकाला भेदून मागच्यालाही लागे. यावर निघालेला तोडगा म्हणजे .४१० मस्केट.

९/ रचना साधी होती. ली-एन्फील्डची नळी .४१० इंचाची आणि गुळगुळीत केली. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला. म्हणजे एका वेळी एकच बार. काडतुसासाठी .३०३ चेच पितळी कवच घेतले, फक्त त्याची मान आवळली नाही. त्या सरळ कवचात एक गोळी किंवा छर्रे भरले जात. हे काडतूस .३०३ रायफलीत शिरत नाही, आणि.३०३ ची गोळी मस्केटच्या रुंद नळीत सैल पडते, नेम धरत नाही. चोराच्या हाती लागले तरी हे शस्त्र जवळपास निरुपयोगी! १८५८ ची युक्ती इथे पूर्णत्वाला गेली.

१०/ नागरिकांसाठी मार्ग वेगळा होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा केला होताच. १९०७ च्या सुमारास .४५० इंचाच्या रायफलींवर बंदी आली, कारण त्यांच्या गोळ्या सरहद्दीवरील जुन्या मार्टिनींच्या कामी येऊ शकत. सैन्याचे .३०३ ही खासगी हातांना बंद झाले. शिकाऱ्यांसाठी उरली .३१५ ची रायफल. तिची यंत्रणा ली-एन्फील्डचीच, काडतूस मात्र सैन्याच्या कोणत्याही कोठारात न सापडणारे. स्वातंत्र्यानंतरही सरकारी आयुध कारखान्यांनी ती बनवणे चालू ठेवले.

११/ १९६२ च्या चीन युद्धानंतर पारडे फिरले. सैन्य ७.६२ मिलिमीटरच्या स्वयंभरण रायफलीकडे वळत होते. दोन प्रकारची काडतुसे आघाडीवर पोहोचवणे म्हणजे दुप्पट घोळ. तेव्हा इशापूरने जुन्या ली-एन्फील्डचीच रचना ७.६२ साठी बदलून २ए आणि पुढे २ए१ ही रायफल काढली. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना उभा राहिला आणि नव्या काडतुसाचे एक मोठे घर महाराष्ट्रात आले.

१२/ मग हाताशी असलेल्या .३०३ रायफलींच्याच नळ्या का बदलल्या नाहीत? कारण काम नळीवर थांबत नाही. .३०३ च्या काडतुसाला बाहेर आलेली कड असते, ७.६२ ला ती नसते. त्यामुळे मॅगझिन आणि रिकामे कवच ओढणारा आकडा, दोन्ही बदलावे लागतात. नव्या काडतुसाचा दाबही अधिक. म्हणून २ए साठी अधिक मजबूत पोलाद वापरून रायफली नव्याने घडवल्या गेल्या. इंग्लंडमध्ये मात्र अधिक भक्कम अशा नंबर ४ रायफली निवडून १९७० च्या सुमारास ७.६२ च्या नेमबाज रायफली तयार केल्या गेल्या.

१३/ .३०३ राहिली ती पोलिसांकडे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे सुरक्षा दलाचे हवालदार जिल्लू यादव यांनी स्वयंचलित रायफली घेतलेल्या अतिरेक्यांवर गोळ्या झाडल्या त्या .३०३ नेच. त्यानंतर चर्चा झाली ती मुख्यतः जुन्या बंदुकांची. पण हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीसमोर आणखी एक उणीव आली : काडतुसांच्या तुटवड्यामुळे खंडित झालेला गोळीबाराचा सराव. बंदूक नवी असो वा जुनी, काडतुसावाचून ती काठीच.

१४/ उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. गुळगुळीत नळीचा विचार मात्र गेलेला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम १३ पाहावे. संरक्षण वा शिकारीसाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांना परवान्याच्या बाबतीत इतर शस्त्रांहून सौम्य वागणूक आहे.

१५/ म्हणजे घाटमाथ्यावर रानडुकरांपासून शेत राखणारा परवानाधारक शेतकरी आजही नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासतो, १८५७ पूर्वीचा शिपाई ठाशी तसाच. निवडणुकीची आचारसंहिता लागली की तीही बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. हे बरोबर की चूक, याची दोन्ही उत्तरे संभवतात. शस्त्रे आवरणे हे लोकशाही राज्याचेही कर्तव्य आहे. पण ते आवरण्याची रीत कोठून आली, हे ठाऊक असावे.

१६/ शस्त्रांच्या इतिहासात आपण पल्ला, वेग आणि शोधकांची नावे पाठ करतो. पुढच्या वेळी संग्रहालयात जुनी ली-एन्फील्ड दिसली तर नळीच्या तोंडाकडे आणि मॅगझिनकडे नीट पाहावे. तोंड रुंद असेल आणि मॅगझिनच्या जागी लाकूड असेल, तर ती बंदूक शत्रूला भिऊन बदललेली नाही. ती ज्याच्या हाती दिली, त्यालाच भिऊन बदललेली आहे.

(समाप्त)