‘अंदाजाने घ्यावे’ : पाककृतींच्या इतिहासातून कार्यपद्धती वाचायला शिकूया

एखाद्या शोधनिबंधातली कार्यपद्धती अगदी ओळ न् ओळ पाळली, तरी निकाल तसा येत नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षात हा अनुभव बहुतेकांना येतो. तुम्ही अजून प्रवेशपरीक्षेच्या तयारीत असाल, तर पुढे तुम्हालाही येईल. अशा वेळी मनात दोनच शंका येतात. एक तर आपल्यालाच काही येत नाही, नाहीतर लिहिणाऱ्याने काहीतरी लपवलंय. तिसरी शक्यता सहसा सुचत नाही : काही गोष्टी त्याला इतक्या सवयीच्या होत्या, की त्या लिहायला हव्यात हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ही तिसरी शक्यता समजून घ्यायला आज आपण प्रयोगशाळेतून उठून स्वयंपाकघरात जाणार आहोत. कारण ‘मी केलं, ते तुम्हाला कागदावरून करता यावं’ हा प्रश्न पाककृती लिहिणाऱ्यांनी फार पूर्वीपासून हाताळलाय. पाककृती म्हणजेसुद्धा एक कार्यपद्धतीच. कुणीतरी करून पाहिलं, लिहून ठेवलं, दुसऱ्याने वाचून आपल्या घरच्या मंडळींसाठी परत करून पाहिलं. या प्रवासात काय टिकलं, काय गळलं आणि श्रेय कुणाला मिळालं, हे आज पाहू.

१८४५ : करून पाहिलेलं तेवढंच लिहायचं

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण पाककृतीचा आज ओळखीचा वाटणारा साचा घडताना तिथे स्पष्ट दिसतो. त्याआधीची बरीच पुस्तकं ज्याला स्वयंपाक येतोच अशा माणसासाठी लिहिलेली असत. अमुक घ्या, तमुक घाला, शिजवा, वाढा. किती आणि किती वेळ, हे अनेकदा नसायचंच. स्वयंपाक्याला ते माहीत असतं, हे गृहीतच होतं.

१८४५ साली एलायझा ॲक्टन या बाईंचं ‘मॉडर्न कुकरी’ हे पुस्तक आलं. त्यापूर्वी त्यांचं नाव होतं ते कविता लिहिणारी म्हणून. पुस्तक खाजगी कुटुंबांसाठी, म्हणजे दरबारी थाटाच्या नव्हे तर घरगुती स्वयंपाकासाठी आहे, हे त्याच्या लांबलचक शीर्षकातच सांगितलेलं होतं. ॲक्टनबाईंनी तीन गोष्टी केल्या. पाककृतीच्या शेवटी सगळं साहित्य मापासकट वेगळं, थोडक्यात दिलं. शिजायला लागणारा वेळ दिला. आणि गरज असेल तिथे ‘निरीक्षण’ म्हणून टीप जोडली : इथे बिघडू शकतं, असं केलं तर जास्त चांगलं होतं. यातलं पुष्कळसं त्यांनी स्वतःच्या घरी करून पाहिलेलं होतं, आणि तसं त्या प्रस्तावनेत सांगतात.

हे कशासारखं दिसतं? साहित्य, कृती, कालावधी, निरीक्षणं. तुमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखंच!

पुढची गोष्ट मात्र थोडी कडू आहे. १८५५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ॲक्टनबाईंनी तक्रार केली, की इतर लेखक आपल्या पाककृती श्रेय न देता सरळ उचलतायत. १८६१ मध्ये इझाबेला बीटन यांचं ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ पुस्तकरूपात आलं आणि प्रचंड गाजलं. त्यातल्या पुष्कळ पाककृती इतरांच्या पुस्तकांतून घेतलेल्या आहेत, त्यांत ॲक्टन यांच्याही, हे अभ्यासकांनी नंतर ताडून दाखवलंय. बीटनबाईंनी साहित्याची यादी पाककृतीच्या वर नेली. सोय म्हणून ही सुधारणा चांगलीच होती. पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते मांडणी करणाऱ्या बाईंचं, चुलीपाशी उभं राहून माप ठरवणाऱ्या बाईंचं मागे पडलं. संदर्भ देणं म्हणजे निव्वळ नियमपालन वाटत असेल, तर ही जोडी आठवा. संदर्भ तुटला की ‘हे कुणी, कोणत्या परिस्थितीत करून पाहिलं’ ही माहितीही त्याच्याबरोबर जाते.

शेर कोणता?

मराठीत पाककृतींचं पहिलं छापील पुस्तक म्हणून रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्र’चं नाव घेतलं जातं, साल १८७५. (सूप म्हणजे इथे हॉटेलातलं सूप नव्हे. संस्कृतात ‘सूप’ म्हणजे डाळीचं पातळ कालवण आणि ‘सूपकार’ म्हणजे स्वयंपाकी.) १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ आलं, एक हजार पाकक्रियांचं.

समजा, तुम्ही त्या काळातली एखादी पाककृती करून पाहायला घेतलीत आणि त्यात ‘एक शेर’ असं आलं. आता शेर म्हणजे किती? इंग्रजी अमदानीत प्रमाण मानलेला शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅमचा. पण जुना मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि त्यात शेर ४०. भागाकार करा : एक शेर ०.७ पौंड, म्हणजे जेमतेम ३१८ ग्रॅम. शब्द एकच, वजनात जवळजवळ तिप्पट फरक! त्यातून शेर हे नुसतं वजन नव्हे, धान्य मोजायचं मापही होतं; चार शेरांची एक पायली.

म्हणून जुना मजकूर हातात घेतल्यावर पहिला प्रश्न ‘आकडा किती?’ हा नाही. ‘हे एकक कुठलं, कुठल्या बाजारातलं, वजनाचं की मापाचं?’ हा आहे. आकडा दिलाय म्हणजे माहिती नेमकी आहे असं नसतं, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना जरा उशिरा पटतं.

कप आणि वाटी

आकडे नेमके करायची खटपट अमेरिकेतही चालू होती. १८९६ साली बॉस्टनच्या स्वयंपाकशाळेतल्या फॅनी फार्मर यांनी आपल्या पुस्तकात सपाट कप आणि सपाट चमचा यांवर भर दिला. वरचा ढीग सुरीने सारखा करायचा. कारण सोपं आहे : चाळून अलगद भरलेला कपभर मैदा साधारण १२० ग्रॅम भरतो, तोच दाबून भरला तर १५० च्या आसपास जातो.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजनं-मापं टप्प्याटप्प्याने आली. शेर, तोळा बाजारातून हटले, किलो-ग्रॅम आले. पण घरोघरी ओट्यावर तराजू कुठे होता? १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं, आणि ज्या गोष्टीसाठी ते मराठी घरांत इतकं रुजलं ती म्हणजे वाटी-चमच्याचं माप.

वरवर पाहता ही माघार वाटते. माझी वाटी वेगळी, तुमची वेगळी. मग यात नेमकेपणा कसला? पण नीट पाहा. एक वाटी रवा, एक वाटी साखर, दोन वाट्या पाणी. वाटी लहान असो की मोठी, १:१:२ हे गुणोत्तर बदलत नाही. वाटीचा आकार दोन्हीकडून छेद जाऊन निघून जातो. आपण प्रयोगात आकडे एका संदर्भमूल्याने भागून घेतो, तेच हे. फक्त अट एक : सगळं त्याच वाटीने मोजायचं.

हे कुठे तुटतं, तेही बघा. वाटी घरची आणि चमचा दुसऱ्याच सेटमधला असेल, तर तिखट-मिठाचं प्रमाण हलतं. आणि दहा माणसांची पाककृती तिघांसाठी करताना सगळंच सरळ भागून चालत नाही. मीठ साधारण भागता येतं. पण उघड्या भांड्यात वाफ होऊन जाणारं पाणी भांड्याच्या तोंडावर, आचेवर आणि वेळेवर ठरतं, माणसांच्या संख्येवर नव्हे. म्हणून तीन माणसांची आमटी त्याच पसरट पातेल्यात केली तर लवकर आटते. एकत्र कुटुंबातली माणसं पांगली आणि स्वयंपाक चौघांचा झाला, तेव्हा कितीतरी गृहिणींनी हा हिशेब हातानेच नव्याने बसवला. तो कुठल्या जर्नलमध्ये छापून आला नाही, इतकंच.

घड्याळ की खूण?

आता सगळ्यात चेष्टेचा विषय झालेल्या सूचनांकडे येऊ. ‘तेल सुटेपर्यंत परतावं.’ ‘खमंग वास येईपर्यंत भाजावं.’ वाचताना वाटतं, अहो, मिनिटं सांगा ना!

पण मिनिटं सांगितली तर ती सांगणाऱ्याच्या शेगडीची, कढईची आणि कांद्याची असतील. ‘तेल सुटेपर्यंत’ ही खूण पदार्थ स्वतः देतो. वाटणातलं पाणी बरंचसं उडालं, की धरून ठेवलेलं तेल वेगळं होतं. पाणी असेपर्यंत वाटणाचं तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास अडकून राहतं. ते गेल्यावरच वर चढतं आणि भाजल्याचा वास-रंग येतो. म्हणजे ही ढिसाळ सूचना नाही, हा अंत्यबिंदू आहे. अनुमापन करताना आपण ‘२० मिलिलीटर घाला आणि थांबा’ असं सांगत नाही, ‘रंग बदलेपर्यंत घाला’ असं सांगतो. तसंच.

उलट ‘तीन शिट्ट्या’ ही सूचना आकड्यात असूनही कच्ची आहे. शिट्टी हे वेळेचं एकक नव्हे. आच, कुकरचा आकार, आतलं पाणी यांवर दोन शिट्ट्यांमधलं अंतर बदलतं. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. हीच डाळ उघड्या पातेल्यात महाबळेश्वरला शिजवली तर मुंबईपेक्षा वेळ जास्त लागेल, कारण सुमारे १३५० मीटर उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. ‘डाळ बोटाने दाबली की मोडली पाहिजे’ ही खूण मात्र दोन्हीकडे चालते.

साबुदाण्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. साबुदाणा मुळात आग्नेय आशियातल्या सागो ताडाच्या खोडातल्या पिठापासून होई. आज आपण खातो तो टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या कंदापासून होतो. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा माल अडला, तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या परिसरात हा उद्योग उभा राहिला. नाव तेच, वनस्पती दुसरी. कसावा, शेंगदाणे, मिरची, बटाटा ही सगळी मूळची अमेरिका खंडातली पिकं. तरी खिचडी आपल्या उपवासाची. आणि भिजवायला पाणी किती? दाण्याचा आकार आणि त्यात आधीच असलेला ओलावा यांवर ते बदलतं. म्हणून घरोघर जी परीक्षा टिकलीय ती अशी : दाणा दोन बोटांत दाबला की सहज चिरडला पाहिजे, पण चिकट लगदा होता कामा नये. माल बदलला तरी परीक्षा चालते.

मग संशोधकाने काय करायचं?

१९७४ साली हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका नव्या प्रकारचा लेझर कोणकोणत्या प्रयोगशाळांना बांधता आला, हे त्यांनी पाहिलं. नुसते छापील लेख वाचून तो कुणालाच बांधता आला नाही. ज्यांना जमला, त्यांचा तो आधी बांधलेल्या माणसांशी संपर्क होता. भेटी, फोन, जाणं-येणं. म्हणजे लेझर बांधणारे शास्त्रज्ञही ‘आईला फोन करून विचारलं’ याच मार्गाने गेले.

यावरून ‘सगळं हातातच असतं, लिहिण्यात अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढू नका. ॲक्टनबाईंनी लिहिलं म्हणून तर पुष्कळ जणींना कुणी शिकवणारं नसताना स्वयंपाक जमला. मुद्दा असा, की माप कितीही नेमकं केलं तरी अंदाज संपत नाही, तो फक्त जागा बदलतो. वजन ठरलं की तो आचेत जातो, आच ठरली की मालात जातो. तो आत्ता कुठे बसलाय हे शोधणं, हे कार्यपद्धती वाचणाऱ्याचं काम.

त्यासाठी चार प्रश्न जवळ ठेवा. लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला काय येतं असं धरलंय? एकक कुठलं आणि कशाच्या तुलनेत? उपकरण आणि माल तोच आहे का, की फक्त नाव तेच? आणि थांबायचं कधी, हे घड्याळावर सांगितलंय की खुणेवर? स्वतः बदल करताना एका वेळी एकच करा आणि त्याच दिवशी लिहून ठेवा. गूळही वेगळा आणि पीठही वेगळं घेतलं, तर लाडू कशामुळे बसले ते कधीच कळणार नाही.

आणि एक काम या महिन्यात खरोखर करा. तुमच्या घरी किंवा नात्यात कुणाकडे पाककृतींची जुनी वही असेल. जुनी डायरी, तेलाचे डाग, मध्येच चिकटवलेली वर्तमानपत्राची कात्रणं. तिच्यात छापील पुस्तकात नसलेली एक गोष्ट सापडते : समासातल्या दुरुस्त्या. ‘साखर पाव वाटी कमी’, ‘मुलांसाठी मिरची नको’, ‘नव्या तांदळाला पाणी कमी’. ही निरीक्षणं आहेत, वर्षानुवर्षं परत परत करून पाहिलेल्या प्रयोगांची. ज्यांनी ती नोंदवली त्यांना कुणी संशोधक म्हटलं नाही, आणि घर बदलताना अशा वह्या सगळ्यात आधी रद्दीत जातात. पानांचे फोटो काढा, लिहिणारीचं नाव आणि जमेल तितकं साल लिहा. त्या आजी-मावशी हयात असतील तर वही घेऊन शेजारी बसा आणि विचारा : ‘अंदाजाने म्हणजे किती? आणि झालं हे तुम्ही कशावरून ओळखता?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. मुलाखत घेण्याचा आणि प्राथमिक साधन जपण्याचा तुमचा पहिला सराव तिथेच होईल.