दहाचा ठोका

“सकाळीं बरोबर दहा वाजतां प्रश्नपत्रिका वाटल्या जातील.” परीक्षेच्या सूचनाफलकावरील या वाक्यांत वाद घालण्याजोगें कांहीं असेल अशी शंका कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु दहा म्हणजे कोणाचे दहा, हा प्रश्न इंग्लंडांतील न्यायालयापुढें एकदां खरोखरच आला होता. डॉर्चेस्टर येथें न्यायाधीश न्यायालयाच्या घड्याळाप्रमाणें दहाला आसनस्थ झाले आणि प्रतिवादी हजर नाहीं असें पाहून त्यांनीं वादीच्या बाजूनें निकाल दिला. इतक्यांत प्रतिवादीची मंडळी आली. गांवच्या घड्याळांत अद्याप दहा वाजावयाचे होते! न्यायालयाचें घड्याळ ग्रीनिचच्या वेळेनें चाले आणि डॉर्चेस्टरचा सूर्य तिच्याहून सुमारें दहा मिनिटें मागें असे. १८५८ च्या नोव्हेंबरांत वरिष्ठ न्यायालयानें गांवचीच वेळ ग्राह्य धरली व खटला पुन्हा चालविण्यास सांगितलें.

पुढच्याच महिन्यांत, १४ डिसेंबर रोजीं, केंब्रिज विद्यापीठाची शाळकरी मुलांसाठीं पहिली ‘स्थानिक परीक्षा’ सुरू झाली. ब्रिस्टल, लिव्हरपूल, लंडन, नॉरिच अशा आठ शहरीं ती एकदम घेण्यांत आली. कुलुपबंद पेट्यांतून प्रश्नपत्रिका घेऊन परीक्षक आगगाडीनें गेले. कुलुपानें कागदाचें रक्षण होतें, वेळेचें होत नाहीं. नॉरिच पूर्वेस आणि ब्रिस्टल पश्चिमेस. दोहोंच्या सूर्यवेळेंत पंधरा मिनिटांहून अधिक अंतर. प्रत्येक गांवानें आपापल्या सूर्याप्रमाणें आरंभ केला असता तर एकीकडे मुलें उत्तरें लिहूं लागलीं तरी दुसरीकडे पेटी उघडलेलीच नसती; आणि तारायंत्र तर तोंवर देशभर पसरलें होतें. पाव तासांत एक प्रश्न तारेनें धाडणें कांहीं अवघड नव्हतें. सुदैवानें ब्रिस्टलनें १८५२ सालींच ग्रीनिचची वेळ पत्करली होती.

ही वेळ गांवोगांव पोहोंचली कशी, हें पाहण्यासारखें आहे. १८५२ सालीं चार्ल्स शेपर्ड याचें विजेचें घड्याळ ग्रीनिचच्या वेधशाळेंत बसविण्यांत आलें. त्याच्या लंबकाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर विजेचा प्रवाह सुटे व त्या प्रवाहानें दूरच्या तबकड्यांवरील कांटे पुढें सरकत. त्या तबकड्यांना स्वतःची गति नव्हती. मुख्य घड्याळ जें सांगेल तेंच त्या दाखवीत. तारायंत्रानें हाच संकेत लंडनमध्यें व रेल्वेच्या स्टेशनांवर जाई. पुढें शाळा-कचेऱ्यांतून एका मुख्य घड्याळानें सर्व खोल्यांचीं घड्याळें चालविण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचें तत्त्व हेंच आहे. खोलीखोलींत वेगळें घड्याळ असलें म्हणजे एका वर्गाला दोन मिनिटें अधिक आणि दुसऱ्याला दोन उणीं, हा प्रकार कोणत्याहि अनुभवी शिक्षकास नवा नाहीं. शेवटच्या दोन मिनिटांत गणिताचा ताळा जमतो किंवा फसतो. कायद्यानें मात्र ग्रीनिचची वेळ मान्य करण्यास १८८० साल उजाडावें लागलें.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ सालीं झाली. महादेव गोविंद रानडे त्या परीक्षेस बसलेल्यांपैकीं एक. पुढें या विद्यापीठाचा पसारा सिंधपर्यंत पोहोंचला. कराचीचे दहा वाजेपर्यंत मुंबईच्या घड्याळांत दहा वाजून तेवीस मिनिटें होत. शिवाय आगगाड्या मद्रासच्या वेळेनें धांवत आणि ती मुंबईहून अर्धा तास पुढें! परगांवाहून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांना वेळापत्रक वाचतांना अंकगणिताची वेगळीच परीक्षा द्यावी लागे.

१८७८ सालीं विद्यापीठाचा २८० फुटी राजाबाई मनोरा पुरा झाला. त्याला देणगी देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री अंध होत्या व या घंटेवरून त्यांना सूर्यास्तापूर्वीची भोजनाची वेळ कळे, असें सांगतात. परंतु थोड्याच वर्षांत या घड्याळावरून वाद माजला. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कामांत मद्रासची वेळ लागू केली. ती लोकांना रुचली नाहीं आणि मनोऱ्यानें मुंबईचीच वेळ दाखवावी असा लोकमताचा कौल पडला. तेव्हां घड्याळाच्या रात्रीच्या दिवाबत्तीचा खर्च देण्यास सरकारनें नकार दिला! १८८३ सालीं सरकारलाच माघार घ्यावी लागली. रुसव्यापायीं घड्याळ अंधारांत ठेवूं पाहणें सरकारला शोभलें नाहीं. पण लोकांच्या हट्टांतहि निव्वळ अभिमानाचा अंश थोडाथोडका नव्हता.

१ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटें मागें. गिरणीकामगारांनीं नव्या वेळेस विरोध केला. नगरपालिकेनें तर जुनी वेळ पुढें दीर्घकाळ जपली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षें या शहरांत दहा वाजण्याच्या दोन वेळा होत्या. ज्या घरांत परीक्षेचा मुलगा असे, तेथें आदल्या रात्रीं दौत, टांक आणि टीपकागद यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट पक्की करून ठेवावी लागे: भिंतीवरचें घड्याळ कोणत्या वेळेचें आहे ती.