कानशिलातली धमनी

कानाच्या पुढे, गालाचं हाड सुरू होतं तिथे बोट टेकवलं की एक ठोका लागतो. तिथून वर टाळूकडे जाणारी ही धमनी डोक्याच्या कातडीला रक्त पुरवते. कातडीला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या इतक्या आहेत की यातली एक काढून घेतली तरी सहसा काही बिघडत नाही. कवटीच्या आत अशी चैन नाही. मेंदूची मधली मुख्य धमनी किंवा तिला रक्त देणारी मानेतली कॅरोटिड बंद झाली, तर एक बाजू लुळी पडू शकते, वाचा जाऊ शकते. कालव्यात गाळ भरला म्हणून शेजारच्या पाटातून चारी काढून शेत भिजवावं, तशी बाहेरची धमनी आत वळवून मेंदू का भिजवू नये, असा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यात काही डॉक्टरांना पडला. त्याचं उत्तर शोधण्यात सात दशकं गेली आणि वाद अजून मिटलेला नाही.

सुरुवात झाली ती एका डोळ्यापासून. कॅनडाचे मिलर फिशर दुसऱ्या महायुद्धात नौदलात डॉक्टर होते. जहाज बुडालं आणि त्यांची साडेतीन वर्षं जर्मनांच्या कैदेत गेली. युद्धानंतर मॉन्ट्रियलमध्ये त्यांना पक्षाघाताचा एक रुग्ण भेटला. अंग लुळं पडण्याआधी एका डोळ्यासमोर काही वेळ अंधार येत असे, असं तो सांगत होता. मात्र तो डोळा लुळ्या पडलेल्या अंगाच्या विरुद्ध बाजूचा होता. दुसऱ्या कुणी ही रुग्णाची गफलत समजून सोडून दिली असती. फिशर यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. उजव्या कॅरोटिडचं रक्त उजव्या डोळ्याला जातं आणि मेंदूच्या उजव्या भागालाही. उजवा मेंदू डावं अंग चालवतो. म्हणजे बिघाड मेंदूत नसून खाली मानेत असू शकतो. त्या काळी शवविच्छेदनात मेंदू काढून तपासत, पण मानेतल्या धमन्या सहसा कुणी उघडून बघत नसे. फिशर यांनी त्या उघडायला सुरुवात केली आणि बंद पडलेल्या कॅरोटिड सापडत गेल्या. 1951 च्या त्यांच्या लेखात पुढच्या काळासाठी एक सूचनाही होती: बंद भागाला वळसा घालून बाहेरच्या धमनीची एखादी शाखा आतल्या धमनीला जोडता येईल.

मानेतला अडथळा काढण्याचं तंत्र पाच-सहा वर्षांतच रुळलं. धमनी उघडायची, आतला थर खरवडून काढायचा आणि पुन्हा शिवायची. पण अडथळा कवटीच्या आत असला किंवा कॅरोटिड पूर्ण बुजलेली असली, तर या शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. तिथे वळसाच घालायला हवा होता, आणि त्यासाठी शिवायची वाहिनी जेमतेम एक मिलिमीटर रुंदीची होती.

ही अडचण अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात सुटली. 1960 मध्ये ज्यूलियस जेकबसन आणि अर्नेस्टो सुआरेझ यांनी दीड ते तीन मिलिमीटरच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडून दाखवल्या. कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आधीपासून होता. जेकबसन यांनी तोच उचलला. त्यांचं म्हणणं साधं होतं: हात पुरेसा स्थिर आहे, कमी पडते ती नजर. हे विद्यापीठ ज्या बर्लिंगटन शहरात आहे, तिथेच डोनाही नावाचे मेंदूशल्यविशारद होते. त्यांच्या प्रयोगशाळेत 1965 मध्ये झुरिकहून गाझी यशार्गिल आले. मूळचे तुर्कस्तानातल्या लीजे गावचे. त्यांनी वर्षभर कुत्र्यांच्या मेंदूतल्या धमन्या जोडण्याचा सराव केला. झुरिकला परतल्यावर 30 ऑक्टोबर 1967 रोजी त्यांनी माणसाच्या कानशिलातली धमनी मेंदूच्या मधल्या धमनीच्या शाखेला जोडली. दुसऱ्याच दिवशी डोनाहींनी बर्लिंगटनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली.

शस्त्रक्रिया बघायला देखणी असते. कातडीखालून धमनी हळूहळू सोडवून घेतात, कवटीला खिडकी पाडतात, मेंदूचं आवरण उघडतात. पृष्ठभागावरची एक शाखा निवडून तिच्याखाली रंगीत प्लास्टिकचा इवलासा तुकडा सरकवतात, म्हणजे पारदर्शक वाटणाऱ्या भिंती नीट दिसतात. दोन्ही बाजूंना बारीक चिमटे लावले की घड्याळ सुरू होतं, कारण तेवढा वेळ त्या शाखेत रक्त नसतं. मग केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने एकेक टाका. समोरची भिंत चुकून टाक्यात आली तर सगळं वाया. मनगटं टेकलेली, हलतात ती फक्त बोटांची टोकं. शेवटी चिमटे सुटतात आणि निपचित पडलेली धमनी उडायला लागते. हे एकदा बघितलेल्या शल्यविशारदाला ही शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे हे पटवणं किती अवघड गेलं असेल, याची कल्पना येते.

सत्तरच्या दशकात या वळशाची, म्हणजे बायपासची, लाटच आली. तर्क बिनतोड होता, चित्रणात नवी धमनी भरलेली दिसत होती, रुग्ण बरे होऊन घरी जात होते. एक प्रश्न मात्र उरला होता: शस्त्रक्रिया केलीच नसती तर या रुग्णांचं काय झालं असतं? कॅनडातल्या लंडन शहराचे मज्जाविकारतज्ज्ञ हेन्री बार्नेट यांनी तो लावून धरला. अ‍ॅस्पिरिनने पक्षाघाताचा धोका घटतो हे दाखवणाऱ्या कॅनडातल्या चाचणीमागे तेच होते. 1977 पासून उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियातल्या 71 केंद्रांतून 1377 रुग्ण निवडले गेले. 663 जणांना बायपास आणि औषधं, 714 जणांना नुसती औषधं. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. सरासरी 55.8 महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं.

नोव्हेंबर 1985 मध्ये निकाल छापून आला. जोडलेल्या धमन्यांपैकी 96 टक्के उघड्या होत्या. हाताच्या कसबात कुठेही खोट नव्हती. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांना पक्षाघात कमी झाला नाही. उलट तो थोडा जास्त आणि थोडा लवकर झाला. ज्यांच्यासाठी हा इलाज हमखास वाटत होता, त्यातल्याच दोन गटांचं जास्त वाईट झालं: मेंदूची मधली धमनी खूप अरुंद झालेले आणि कॅरोटिड बुजल्यावरही लक्षणं चालू असलेले. पहिल्या गटाबद्दल एक खुलासा दिला जातो. नव्या वाटेने रक्त आलं की जुन्या अरुंद वाटेतला प्रवाह मंदावतो, तिथे गुठळी धरते आणि उरलासुरला मार्गही बंद होतो.

गदारोळ व्हायचाच होता. मेयो क्लिनिकचे थोराल्फ संट यांनी आक्षेप घेतला की, ज्यांना शस्त्रक्रियेची खरी गरज होती त्यांना अनेक डॉक्टरांनी चिठ्ठीवर न सोडता परस्पर ऑपरेशनला नेलं. मग चाचणीत उरले ते सौम्य रुग्ण. अमेरिकेतल्या मेंदूशल्यविशारदांच्या संघटनेने चौकशी समिती नेमली. आक्षेपात तथ्य होतं, हे मान्य करायला हवं. पण परस्पर ऑपरेशन झालेल्या रुग्णांशी तुलना करायला कुणीच नव्हतं, त्यामुळे ते काहीच सिद्ध करू शकत नव्हते. बायपासची संख्या झपाट्याने घसरली.

आक्षेपाला अधिक सरळ उत्तर 2011 मध्ये मिळालं. विल्यम पॉवर्स यांच्या चाचणीत रक्ताची खरी टंचाई असलेलेच रुग्ण घेतले. मेंदू येणाऱ्या रक्तातून किती प्राणवायू ओरबाडून घेतो, हे पेट स्कॅनवर मोजून 195 जण निवडले. दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात शस्त्रक्रियेच्या गटात 21 टक्के आणि औषधांच्या गटात 22.7 टक्के. शस्त्रक्रियेच्या गटातले बहुतेक झटके पहिल्या 30 दिवसांतच आले होते: 14.4 टक्के, तर दुसऱ्या गटात 2 टक्के. पुढे चालवण्यात अर्थ नाही म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. औषधांच्या गटाचं अपेक्षेपेक्षा बरंच बरं चाललं होतं. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची औषधं आता 1977 सारखी राहिलेली नव्हती.

मग ही विद्या संपली का? नाही, तिला दुसरं घर मिळालं. जपानमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्या हळूहळू बुजत जाण्याचा एक आजार दिसतो. त्यांच्याभोवती फुटलेल्या बारीक वाहिन्यांचं जाळं चित्रणात धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून सेंडाईच्या जिरो सुझुकी यांनी 1969 मध्ये त्याला मोयामोया म्हटलं. यात लहान मुलंही सापडतात. खुद्द आजारावर औषध नाही, त्यामुळे बायपास हाच मुख्य आधार. रक्तस्राव झालेल्या 80 प्रौढ रुग्णांच्या जपानी चाचणीत पुन्हा रक्तस्राव शस्त्रक्रियेच्या गटात 11.9 टक्के, शस्त्रक्रियेविना उपचारांच्या गटात 31.6 टक्के झाला. 2014 चा हा निकाल आकडेवारीच्या काटेकोर कसोटीवर काठावरचा, पण दिशा स्पष्ट. बंद न करता येणाऱ्या, धमनीवरच्या मोठ्या फुगवट्यांसाठीही बायपास वापरतात. म्हणून शिकाऊ डॉक्टर अजून सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या पंखातल्या धमन्या जोडत बसतात.

अरुंद किंवा बुजलेल्या धमन्यांसाठीची बायपासही पुरती मागे पडलेली नाही. कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण चीन, जपान आणि भारतात पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आहे, त्यामुळे प्रश्न आशियाला सोडत नाही. 2023 मध्ये चीनमधल्या 13 केंद्रांतल्या 324 रुग्णांचा निकाल आला. दोन वर्षांचा एकूण हिशेब शस्त्रक्रियेच्या बाजूला 8.6 टक्के विरुद्ध औषधांच्या बाजूला 12.3 टक्के, म्हणजे ठाम म्हणता येईल असा फरक नाही. पहिल्या 30 दिवसांतला धोका शस्त्रक्रियेच्या बाजूला 6.2 टक्के, औषधांच्या बाजूला 1.8. आणि तो महिना सरल्यानंतर दोन वर्षांपर्यंतचा पक्षाघात 2 टक्के विरुद्ध 10.3. मज्जाविकारतज्ज्ञ पहिली जोडी वाचून दाखवतात, शल्यविशारद शेवटची.